तोफ अजून चालू होती

मी इतिहासाचा शिक्षक. नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये एकतीस वर्षे शिकवले आणि निवृत्त झालो. जिल्ह्याचे आणि शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण जुनी सवय आहे, बोलण्याच्या ओघात तोंडून नगर आले तर सांभाळून घ्या.

आमच्या शाळेची एक सहल ठरलेली असे. डिसेंबर महिन्यात आठवी-नववीची मुले एसटीत बसवायची आणि नगरचे रणगाडा संग्रहालय दाखवायला न्यायची. हे संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. देशोदेशीचे जुने रणगाडे तिथे उघड्यावर ओळीने उभे आहेत. मुले आधी तोफांच्या नळ्या मोजत पळायची, मग डबे उघडायची. डबे खाऊन झाले की सेंच्युरियन नावाच्या एका रणगाड्याजवळ मी त्यांना खाली बसवायचो आणि एक गोष्ट सांगायचो. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याची. वर्षानुवर्षे ती सांगून माझी पाठ झाली होती. कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा, हेही ठरून गेले होते.

पुढे एक प्रसंग असा आला, की ती गोष्ट सांगण्याची माझी रीतच बदलली. आज तेच सांगायचे आहे. पण आधी मुलांना सांगायचो ती गोष्ट ऐका.

अरुणचा जन्म पुण्याचा. १४ ऑक्टोबर १९५०. आडनावावरून कळतेच, की घराणे पंजाबी. वडील लष्कराच्या इंजिनिअर कोअरमध्ये अधिकारी. पणजोबा शिखांच्या खालसा सैन्यात इंग्रजांविरुद्ध लढलेले, आजोबा पहिल्या महायुद्धाच्या काळात फौजेत होते. घरात तीन पिढ्या शिपाईगिरी. अरुणचे शिक्षण सिमल्याजवळ सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये झाले, आणि १९६७ साली तो पुन्हा पुण्याच्या बाजूला आला, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत. तिथून डेहराडून. १३ जून १९७१ रोजी त्याच्या खांद्यावर पहिला तारा लागला आणि रेजिमेंट मिळाली ती पूना हॉर्स.

पूना हॉर्स हे नाव ऐकले की आपल्या मुलांचे कान टवकारतात. ही घोडदळाची पलटण १८१७ साली, पेशवाईच्या अगदी शेवटच्या दिवसांत उभी राहिली. पुढे घोडे गेले, रणगाडे आले. जवान बहुतेक उत्तरेकडचे झाले, पण नाव पुण्याचेच राहिले. १९६५ च्या युद्धात याच पूना हॉर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सियालकोटच्या आघाडीवर धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तारापोर शिकले होते पुण्यात. तेव्हा अरुण ज्या रेजिमेंटमध्ये दाखल झाला, तिच्या मेसच्या भिंतीवर केवढी मोठी सावली होती, हे लक्षात घ्या.

नवा अधिकारी रणगाडादलात आला की त्याला शिक्षणासाठी नगरला पाठवतात. अरुणही १९७१ च्या हिवाळ्यात नगरला होता. म्हणजे आमची एसटी ज्या शहरात जायची, त्याच शहरात हा एकवीस वर्षांचा मुलगा रणगाड्याचे धडे गिरवत होता. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झाले. त्याचा अभ्यासक्रम अर्ध्यावर राहिला. आघाडीवर जायला निघताना त्याने सामानात गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा गणवेश भरला. लाहोरला गोल्फ खेळू, विजयानंतर मेजवानी होईल तेव्हा गणवेश लागेल, असे त्याने सांगितल्याची आठवण त्याच्या घरचे लोक सांगत. इथे मुले हमखास हसायची. मीही हसायचो.

निघताना आई त्याला म्हणाली, की तुझे आजोबा लढले, वडील लढले. तूही वाघासारखा लढ, भित्र्यासारखा परत येऊ नकोस. असे सांगितले जाते. इथे मुले गप्प व्हायची.

आता रणभूमी. जम्मू आणि पठाणकोट यांच्या मधल्या पट्ट्याकडे पाकिस्तानचा एक भाग फुग्यासारखा पुढे आलेला आहे. शकरगड असे त्याचे नाव. काश्मीरकडे जाणारा आपला रस्ता आणि रेल्वे या फुग्याच्या अगदी तोंडाशी. तिथून शत्रू पुढे सरकला असता तर काश्मीरची वाट तुटली असती. म्हणून आपल्या सैन्याने त्या भागात चढाई केली. वाटेत बसंतर नदी आहे. १५ डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळाने नदी ओलांडून पलीकडे पाय रोवले. पण रणगाडे अजून अलीकडेच होते, कारण मध्ये सुरुंगांची पेरणी होती. इंजिनिअर मंडळी अंधारात सुरुंग काढून वाट करत होती. ते काम अर्ध्यावर असतानाच पलीकडून निरोप आला, शत्रूचे रणगाडे हालचाल करत आहेत. पायदळापाशी रणगाडा थांबवण्याइतकी ताकद नव्हती. पूना हॉर्सने ठरवले, की वाट पुरी होण्याची वाट पाहायची नाही. राहिलेल्या सुरुंगांतूनच रणगाडे पुढे निघाले आणि उजाडायच्या सुमारास पायदळाला जाऊन मिळाले.

१६ डिसेंबर. सकाळी आठच्या सुमारास धुराचा पडदा करून पाकिस्तानी रणगाडे जरपाल गावाच्या बाजूने चालून आले. अमेरिकन बनावटीचे पॅटन. त्या बाजूला असलेल्या आपल्या स्क्वाड्रनने रेडिओवरून मदत मागितली. अरुण जवळच होता. तो आपले रणगाडे घेऊन निघाला. वाटेत शत्रूच्या मोर्च्यांतून मारा झाला, त्याच्या सोबतच्या एका रणगाड्याचा प्रमुख ठार झाला. अरुण थेट त्या मोर्च्यांवर चालून गेला आणि तिथले सैनिक पिस्तुलाच्या धाकाने पकडले. मग पुढे जाऊन मुख्य लढाईत मिसळला.

त्या रणांगणाच्या एका कोपऱ्यात आपले तीन रणगाडे होते. कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अहलावत आणि अरुण. समोरून येणारे त्यांच्याहून कितीतरी जास्त. तोफा अगदी जवळून धडधडत होत्या. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे फुटले, त्यातले चार एकट्या अरुणने फोडले, असे परमवीरचक्राच्या मानपत्रात नमूद आहे. पण आपल्याकडची स्थितीही वाईट झाली. अहलावत जखमी झाले. मल्होत्रांची तोफ अडकली. अरुणच्या रणगाड्यावर गोळा बसला, रणगाडा पेटला आणि तोही जखमी झाला.

रेडिओवर त्याला हुकूम मिळाला, रणगाडा सोडून बाहेर पड. त्याने उत्तर दिले, नाही सर, मी रणगाडा सोडणार नाही, माझी तोफ अजून चालू आहे. आणि रेडिओ बंद केला.

शेवटचा रणगाडा त्याने फोडला तो जेमतेम शंभर मीटरवर. त्यानंतर त्याच्या रणगाड्यावर दुसरा गोळा बसला आणि अरुण गेला. शत्रूला त्या बाजूने वाट मिळाली नाही. त्याच दिवशी दुपारी ढाक्यात पाकिस्तानी सेनेने शरणागती पत्करली. अरुणला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. वय एकवीस वर्षे दोन महिने.

मी इथे थांबायचो. मुले टाळ्या वाजवायची, एखादा 'भारत माता की' म्हणायचा, आणि आम्ही एसटीत बसून गावी परतायचो.

आता तो प्रसंग.

या सहलीला येऊन गेलेला आमचा एक विद्यार्थी बारावीनंतर संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा पास झाला. लेखी झाली, पाच दिवसांची मुलाखत झाली, वैद्यकीय तपासणी झाली, हजर होण्याचे पत्र आले. गावात पेढे वाटले गेले. वडील साखर कारखान्यात कामाला, घरी थोडी शेती. दोन दिवसांनी संध्याकाळी त्याची आई माझ्या घरी आली. पेढे आणले असतील म्हणून आमच्या मंडळींनी चहा टाकला. बाई ओसरीवर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "सर, हे तुम्हीच भरवलंय त्याच्या डोक्यात."

मी म्हणालो, "वहिनी, अभिमानाची गोष्ट आहे."

त्या म्हणाल्या, "आहे. मला काय कळत नाही का? नववीपासनं त्या अरुणची गोष्ट त्यानं मला इतक्यांदा सांगितली, की आता मीच तुम्हाला सांगीन. पण एक विचारते. ती आई म्हणाली, भिऊन परत येऊ नको. बरं, म्हणाली असंल. म्हणून झाल्यावर त्या रात्री तिला झोप लागली का? पोरगं गेल्यावर तिचं काय झालं? बापाचं काय झालं? तुमची गोष्ट तोफेपाशीच संपती. घरी कोण सांगायला गेलं, ते तुम्ही सांगतच नाही."

श्रोतेहो, एकतीस वर्षांत वर्गात मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. माझ्याजवळ उत्तर नव्हते. मला सन, तारखा, रणगाड्यांचे आकडे पाठ होते. माझी गोष्ट सकाळीच संपत होती. त्या दिवसाची संध्याकाळ मी कधी पाहिलीच नव्हती. मी त्यांना म्हणालो, "मला आठ दिवस द्या." परीक्षेला न बसलेल्या विद्यार्थ्यासारखा मी दुसऱ्या दिवशी पुस्तके, जुनी वर्तमानपत्रे हुडकायला लागलो.

जे सापडले ते असे. त्या रणगाड्यात अरुण एकटा नव्हता. सेंच्युरियनमध्ये चौघे असतात. प्रमुख, तोफ चालवणारा, तोफ भरणारा व रेडिओ सांभाळणारा, आणि चालक. नथूसिंग तोफेवर होता, प्रयागसिंग रणगाडा हाकत होता, आणि रेडिओवर होता सवार नंदसिंग. नंदसिंग त्या दिवशी परत आला नाही. इतकी वर्षे मी मुलांना चार फुटलेले रणगाडे मोजून दाखवत होतो, आणि त्याच पोलादी डब्यात बसलेल्या या माणसाचे नाव मला माहीत नव्हते. त्यालाही घर असणार, गाव असणार, ओसरीवर बसणारी आई असणार.

अरुणचे पार्थिव आधी पाकिस्तानच्या ताब्यात गेले, मग परत मिळाले. १७ डिसेंबरला सांब्याजवळ त्याला अग्नी दिला. त्याच रात्री आठला पश्चिम आघाडीवर युद्धविराम झाला. देशभर आनंद चालू होता. अरुणच्या घरीही मुलगा आता येईल म्हणून वाट पाहणे सुरू होते. मुलगा जाऊन आठवडा उलटला तरी घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता. बातमी पोचली तेव्हा डिसेंबर संपत आला होता. म्हणजे त्या आईने दहा दिवस, नसलेल्या मुलाची वाट पाहिली.

आणि वडील. ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल. ते मूळचे सरगोध्याचे, फाळणीत इकडे आलेले. २००१ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांना जन्मगाव बघायची ओढ लागली. ते पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांची व्यवस्था एका निवृत्त ब्रिगेडियरच्या घरी होती. नाव ख्वाजा मोहम्मद नासेर. घरच्या सगळ्यांनी या म्हाताऱ्या पाहुण्याची फार आस्थेने काळजी घेतली. यजमान मात्र काहीतरी सांगायचे आहे आणि सांगता येत नाही, अशा मनःस्थितीत होते. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी धीर केला. म्हणाले, ब्रिगेडियरसाहेब, १६ डिसेंबरला बसंतरच्या काठी तुमच्या मुलासमोर जो होता, तो मी. तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. आणि मग सांगितले, की तो मुलगा एकटा एखाद्या खडकासारखा आमच्या वाटेत उभा होता, त्याच्यामुळे आम्हाला पुढे जाता आले नाही.

हे वाचताना, श्रोतेहो, मी थांबलो. ज्या घरात तीन दिवस जेवलो, त्याच घरातल्या माणसाने आपल्या मुलाला मारले, हे ऐकणारा बाप काय करील? खेत्रपाल यांनी आरडाओरडा केला नाही. दोघेही सैनिक होते. समोरच्याने आपले काम केले, आपल्या मुलाने आपले, हे त्यांना कळत होते. तीस वर्षांनी मुलाच्या शेवटच्या घटकेचा साक्षीदार त्यांना भेटला होता, आणि तो साक्षीदार शत्रूच्या बाजूचा होता. मुलगा शूर होता हे सांगायला त्याला कुणी भाग पाडलेले नव्हते. तो निरोप मनात धरून म्हातारा बाप परत आला.

आठ दिवसांनी मी त्या बाईंच्या घरी गेलो. मुलगाही होता, वडीलही होते. अंगणात बसून जे सापडले ते सगळे सांगितले. नंदसिंग सांगितला, दहा दिवसांची वाट पाहणे सांगितले, लाहोरची रात्र सांगितली. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. त्याला नववीत सांगितलेली गोष्ट आणि ही गोष्ट एकच होती, पण वजन वेगळे होते. त्या आईला झोप लागली का, या प्रश्नाचे उत्तर मात्र मला कुठल्या पुस्तकात मिळाले नाही. तेही मी बाईंना सांगितले.

सांगता सांगता माझ्या एक ध्यानात आले. 'माझी तोफ चालू आहे' हे वाक्य मी मुलांना नेहमी गर्जना केल्यासारखे ऐकवायचो. पण ते तसे बोलले गेले असेल का? मला आता वाटते, तो आपल्या वरिष्ठाला साधी वस्तुस्थिती कळवत होता. बाजूचे दोन रणगाडे थंडावले आहेत. मी निघालो तर इथे खिंडार पडेल आणि मागचे पायदळ उघडे पडेल. तोफ चालते आहे, म्हणजे माझे काम संपलेले नाही. मानपत्रातही हेच कारण दिले आहे, की तो हटला असता तर शत्रू आत घुसला असता. गोल्फच्या काठ्या भरणारा तो मुलगा मरायला निघालेला नव्हता. त्याला मेजवानीला जायचे होते, लाहोर बघायचे होते. त्याला जगण्याची भरपूर हौस होती, आणि तरीही त्या काही मिनिटांत त्याने मागच्यांचा हिशेब आधी केला. शौर्य याला म्हणतात, हे शिक्षक असून मला एका आईच्या प्रश्नामुळे नीट समजले.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलाकडे न बघता मला म्हणाल्या, "जाऊ द्या त्याला. मी आडवी येणार नाही. पण सर, इथून पुढं पोरांना सांगाल तेव्हा सगळं सांगा. मग ज्याला जायचंय तो जाईल."

तो गेला. खडकवासल्याला तीन वर्षे काढून जेव्हा तो पास झाला, तेव्हा त्याच्या आईवडिलांसोबत मलाही संचलन बघायला नेले होते. प्रबोधिनीच्या त्या संचलन मैदानाचे नाव खेत्रपाल मैदान आहे. शेकडो बुटांचा एका ठेक्यात आवाज येत होता. बाईंनी हळूच विचारले, "हेच का ते नाव?" मी म्हणालो, "हेच." त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खाली घेतला, कारण मुलांची रांग समोरून जात होती आणि त्यांना आपला मुलगा ओळखायचा होता.

आज तो सरहद्दीवर कुठेतरी आहे. कुठे, ते विचारायचे नसते. सुट्टीवर आला की भेटून जातो. त्याची आई अजून रात्री फोनची वाट पाहते, आणि सकाळी गोठ्यातले काम करते. गेल्या काही वर्षांत मुलींसाठीही प्रबोधिनीचे दार उघडले. ३० मे २०२५ रोजी याच खेत्रपाल मैदानावरून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. म्हणजे आता ओसरीवर येऊन प्रश्न विचारणाऱ्या आयांची संख्या वाढणार. त्यांना खरे उत्तर देणे आपल्या शिक्षकांचे, आपल्या सगळ्यांचे काम आहे.

निवृत्त झाल्यावरही शाळेने बोलावले की मी सहलीबरोबर जातो. सेंच्युरियनजवळ मुले बसतात. गोष्ट मी सांगतोच, चार रणगाडेही सांगतो. पण आता ती सकाळी संपत नाही. नंदसिंगचे नाव घेतो, दहा दिवस वाट पाहणाऱ्या घराबद्दल सांगतो, लाहोरच्या त्या खोलीत बसलेल्या म्हाताऱ्या बापाबद्दल सांगतो. टाळ्या आता वाजत नाहीत. मुले थोडा वेळ बसून राहतात. मग एखादा उठतो आणि रणगाड्याच्या पोलादावर हात ठेवून बघतो. उन्हाने ते तापलेले असते. तो हात लगेच काढतो, आणि पुन्हा ठेवतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)